एकशे नव्वद अंशांचा त्रिकोण

“गणितात साहेबांचं मत विचारत नसतात,” असं शोभा धर्माधिकारी एकदा स्टाफरूममध्ये म्हणाल्या होत्या. आम्ही हसलो होतो. बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला एवढं बोलायची मुभा होती. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

केडगावहून एसटीनं त्या घोडेगावच्या आमच्या शाळेत येत. मुलांना सिद्धांत पाठ करू देत नसत. आधी तिन्ही कोन मोजा, बेरीज करा, मग माझ्यावर विश्वास ठेवा, म्हणत.

यंदा नववीचा गणिताचा सहामाही पेपर मुख्याध्यापक सूर्यभान सरांनी काढला. संस्थेच्या अकरा शाळांत तोच गेला. त्यात एका त्रिकोणाचे कोन सत्तर, पासष्ट आणि पंचावन्न दिले होते. पंचावन्नच्या कोनाचा बाह्यकोन काढायचा होता. बेरीज एकशे नव्वद भरते, हे कुणी पाहिलं नाही. उत्तरसूचीत एकशे पंचवीस होतं. आम्ही तेच धरून तपासलं.

राजनंदिनी या मुलीनं दोन्ही रीती लिहिल्या. एकशे ऐंशीतून पंचावन्न गेले, एकशे पंचवीस. बाह्यकोन दूरच्या दोन कोनांच्या बेरजेएवढा, म्हणून सत्तर आणि पासष्ट मिळवले, एकशे पस्तीस. खाली एक ओळ: ‘दोन उत्तरे येतात, म्हणून असा त्रिकोण नाही.’ शोभाबाईंनी चारपैकी चार दिले.

सरांनी त्यांना बोलावलं तेव्हा मी केबिनमध्येच होतो. सर चिडले नाहीत. पेपर चुकला म्हटलं तर अकरा शाळांचे गठ्ठे पुन्हा सोडावे लागतील, असं समजावत राहिले. चहा सांगितला.

“मॅडम, तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव परवाच वर गेलाय. आता दहा अंशांसाठी अडून बसता का?”

“मुलीला काय सांगू?”

“नववीची पोरगी हाय. विसरंल.”

मी खिडकीबाहेर पाहत होतो. बाईंनी लाल पेन घेतलं, चार खोडून शून्य केलं आणि शेजारी सही केली.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. माझा वर्ग समोरच, दारं उघडी. राजनंदिनी रडली नाही, उभी राहिली.

“मॅडम, माझंच चुकलं असंल. मग तुमी तेवढा त्रिकोण फळ्यावर काढून दाखवा.”

बाईंनी पाया आखला. एका टोकाला सत्तर अंश, दुसऱ्याला पासष्ट. रेघा वर जाऊन मिळाल्या. तिथं त्यांनी कोनमापक लावलं. पंचेचाळीस. पुन्हा लावलं. वर्ग वाट पाहत होता. त्यांनी खडू खाली ठेवला, पर्स उचलली आणि त्या वर्गाबाहेर गेल्या.