शेजारणीचा अंबाडा

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. चोपड्याला आमच्या शेजारणीच्या केसांत जटा आल्या, तेव्हा 'हिला देवीला सोडा' असं पंचांपुढे आधी मीच म्हणालो.

पंच मला घेऊन तिच्या दारात आले तेव्हा ती रोजच्यासारखी ओट्यावर जटांना तेल चोळत होती. दोन-दोन जटांना पीळ देऊन तिने डोक्यावर घट्ट अंबाडा बांधला.

"देवीनी काहीच मांगं नही, भाऊ. तुम्हीच मांगी राह्यनात," ती मला म्हणाली.

मग चुंबळ न घेता, अंबाड्यावरच भरलेली घागर ठेवून ती पंचांमधून घरात गेली. थेंब सांडला नाही. 'देवीची खूण कसली, ही तर चुंबळच झाली,' म्हणत पंच हसत माघारी फिरले. ती शेवटपर्यंत आपल्याच घरात राहिली.

'चुकलो, अक्का' म्हणायला मी कितीदा तिच्या दारात गेलो आणि तब्येत विचारून परतलो.