नळावरचा थिरथिरा आणि नानांचा पास

बागेत दुर्बीण घेऊन फिरणाऱ्यांना वाटतं, आपण पक्षी गोळा करतो. खोटं! गोळा होतात ते किस्से. पक्षी उडून जातात, किस्से तिथंच बसून राहतात. आमच्या परभणीच्या मोठ्या बागेत हिवाळाभर आम्ही चौघं असतो: एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले मानवतचे नाना, टेलर सलीमभाई, पालमच्या शकुताई आणि मी. यंदा मात्र तिघंच. नानांच्या हार्टचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडायला बंदी घातली. नाना परत येतील ना, हे कुणीच तोंडानं विचारत नव्हतं. त्याऐवजी आम्ही एकमेकांना त्यांचेच किस्से सांगत होतो.

*

नानांची नोकरी सुटली, कंडक्टरकी नाही! तळ्याकाठी बगळे गर्दी करून बसले की हळूच म्हणायचे, "पुढं सरका, पुढं सगळं रिकामं हाय!" एकदा बगळे खरंच सरकले. नाना आमच्याकडं वळून म्हणाले, "पब्लिकपेक्षा शहाणे हायत."

*

आमचा एक नियम आहे. पक्षी समोर असताना जो बोलेल, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. एकदा नाना खंड्या बघण्यात गुंग होते. चांगला वेळ झाला, खंड्या उडाला, तेव्हा सलीमभाईंनी घाम पुसला.

"नाना, तुमच्या पायापाशी ही लांब धामण ऊन खात पडली होती!"

"अन् तुमी गप बसलात?"

"बिनविषारी होती ना! बोललो असतो तर चहा मलाच पाजावा लागला असता!"

नानांनी त्या दिवशी स्वतःच चहा सांगितला. म्हणाले, "जिवंत हाय, त्याचा."

*

तळ्याशेजारीच हास्यक्लब भरतो. त्यांचा पहिला "हा हा हा" झाला की बदकं थेट पोखर्णी गावाकडं! शकुताई भांडायला गेल्या आणि तह करून आल्या: बदकं असेपर्यंत क्लबानं तोंड मिटून हसायचं. दुसऱ्या दिवशी धुक्यात सगळी मंडळी तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत गोल उभी. फिरायला आलेल्या एक नवीन बाई जवळ आल्या, चप्पल काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

*

आता नानांचा थिरथिरा. चिमणीएवढा, काळ्या अंगाचा, तांबूस पोटाचा पक्षी. सारखी शेपूट थरथरवतो. दर हिवाळ्यात तो पाहुणा येतो आणि वॉचमनच्या खोलीजवळच्या मोडक्या नळावर बसतो. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं जिलेबी द्यायची, आणि दरवर्षी जिलेबी नानांचीच. "हा आला की माझा पास एक वर्ष रिन्यू!" असं ते हसत म्हणायचे. आम्हीही हसायचो.

यंदा हसू येईना. दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, नळ रिकामाच. नानांचा रोज सकाळी फोन: "आला का?" आम्ही म्हणायचो, "न्हाई अजून." फोन ठेवताना त्यांचा आवाज बारीक झालेला असायचा.

मग दोन दिवस फोनच आला नाही. आम्ही लावला तर बंद लागायचा.

"काय व्हायचं ते हू द्या, जाऊन सांगू की आला," शकुताई म्हणाल्या. सलीमभाईंनी पुरावा म्हणून गरम जिलेबी बांधून घेतली.

*

दार सुनेनं उघडलं. नाना गच्चीला लागून असलेल्या खोलीत, खुर्चीत, मफलर गुंडाळून बसलेले. फोन बंद करून शेजारी ठेवलेला. नाना दिसले आणि मला इतकं हायसं वाटलं, की खोटं बोलायचं आहे हेच विसरून गेलो.

सलीमभाई विसरले नाहीत. "मुबारक हो नाना! आज सकाळीच आला! नळावर बसून शेपूट हलवायलाय!"

"लय गुबगुबीत झालाय अवंदा," शकुताईंनी भर घातली.

मीही मान हलवली. नानांनी जिलेबीचा एक तुकडा मोडला, सुनेकडं बघत तोंडात टाकला आणि तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं. मग हळूच गच्चीकडं बोट दाखवलं. कठड्यावर एक काळा, तांबूस पोटाचा पक्षी शेपूट थरथरवत बसला होता.

"परवाधरनं हितंच हाय. फोन वाजला की उडतो, म्हणून बंद ठिवलाय," नाना कुजबुजले. मग आमच्या तिघांकडं त्यांनी एकदा कंडक्टरच्या नजरेनं पाहिलं.

"तिकडं नळावर बसलाय म्हंता? मग ह्यो कोन? विदाउट तिकीट?"