किल्ली कोणाच्या खिशात होती?

ती सकाळ आठवली की आजही माझं डोकं तापतं.

वडील मोटार कारखान्यात इंजिनिअर, म्हणून मी जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला वाढलो आणि तिथल्याच पोलिसात नोकरी केली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. ठाण्यात निनावी फोन आला: कारखान्यातून चोरलेला लॅपटॉप एका करड्या गाडीतून हायडेलबर्गकडे निघालाय. मी आणि माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याने ती गाडी अडवली.

आत हायडेलबर्गला पीएच.डी. करणारा मराठी तरुण आणि साताऱ्याहून आलेले त्याचे सासरे होते. जर्मनीत पोलिसाने थांबवलं की गाडीतच बसून राहायचं असतं. सासरे आपल्याकडच्या रीतीने हात जोडून खाली उतरले. सहकारी बिथरला. त्याने दोघांचे पासपोर्ट घेतले, गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि तासभर कसून चौकशी केली. डिकीत लॅपटॉप होताच.

"आल्झो... म्हणजे, आमच्या इन्स्टिट्यूटचा आहे. फक्त आणताना विचारलं नव्हतं," जावई घाबरून बोलून गेला.

सासऱ्यांनी मला विचारलं, "साहेब, आम्ही निघू का?"

मी सहकाऱ्याला विचारलं. "नाईन!" तो गुरकावला.

"नाही, काका," मी सांगितलं.

संध्याकाळी सहकाऱ्याने लिहिलेला अहवाल वाचला. दोघे स्वखुशीने थांबले आणि बोलता बोलता चोरी कबूल केली, म्हणे! किल्ली याच्या खिशात आणि हे स्वखुशीने! ज्याला आपण जाऊ देत नाही, त्या संशयिताला गप्प राहायचा हक्क आहे हे आधी सांगावं लागतं. ते कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, याचा राग जास्त आहे. लॅपटॉप इन्स्टिट्यूटचाच निघाला, तरी त्या एका वाक्यावर खटला उभा राहिला. जावयाची पीएच.डी. आणि व्हिसा दोन्ही पणाला लागले.

दीड महिन्याने कोर्टात न्यायाधीशांनी मला विचारलं, "त्यांना तिथून जाता आलं असतं?"

सहकारी माझ्याकडे रोखून बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "गाडीची किल्ली पहिल्यापासून यांच्या खिशात होती. आणि निघता येणार नाही, हे त्यांना मीच सांगितलं होतं."

कबुली बाद झाली. दुसरा पुरावा नव्हताच, जावई सुटला. कारखान्याचा लॅपटॉप पुढे तिथल्याच कपाटात सापडला. सहकारी निवृत्त होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. वर्दीला घाबरून माणूस थांबतो आणि आम्ही बेधडक त्याला राजीखुशी लिहितो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. त्यानंतर गाडी थांबवली की आधी स्वतःलाच विचारायचो, हा आत्ता निघाला तर मी जाऊ देईन का?

कोर्टाबाहेर सासरे भेटले. निकाल त्यांना कळला होता, गाडीची किल्ली जावयाच्या हातात होती. तरी हात जोडून त्यांनी मला विचारलं, "साहेब, आता निघू का आम्ही?"