खांबाजवळची माती

मी चौथीत असताना पेडगावच्या शाळेत खो-खो खेळायचे. घरी माहीत नव्हतं. एका दुपारी पळणारीला धरायला खांबाजवळ सूर मारला. हात लागला, पोरी ओरडल्या. मी उठले तर गळा हलका लागला. शिवदोरा तुटून त्यातलं लिंग कुठंतरी पडलं होतं.

आम्हा लिंगायतांत तान्हेपणीच गळ्यात लिंग बांधतात. ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. अंधार पडेस्तोवर आई गुडघ्यांवर बसून मैदानाची माती चाचपत होती. सापडलं नाही. स्वामी परगावी होते. ते येऊन दुसरं लिंग बांधेपर्यंत आईने पाणीसुद्धा घेतलं नाही. मला कुणी मारलं नाही. पाचवीत मात्र घातलं नाही.

अजून कधीकधी भाकरी थापताना वाटतं, ते हरवलेलं लिंग तिथंच मातीत आहे आणि वरून पोरं पळतायत. हात थांबतो.

यंदा माझ्या मुलीचे खो-खोचे सामने त्याच शाळेत ठरले.

"आई, सर म्हणायलेत, गळ्यात काहीच नको. काढ, न्हाईतर बाहेर बस."

सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. "मग बस बाहेर. पोरी पळायल्या तर भाकरी तुझे सर थापणार हायेत का?"

"थापतेत की आजी. लय गोल थापतेत."

सासूबाईंना हसू आलं, पण म्हणाल्या, "लिंग उतरायचं न्हाई."

मला बोलणं जमत नाही. मुलीच्या खेळायच्या बनियनला आतून, छातीपाशी, जाड कापडाचा कप्पा शिवला. लिंग आत ठेवून मुलगी बनियन अंगात घालेल तेव्हा कप्प्याचं तोंडही शिवून टाकायचं ठरवलं. सासूबाईंनी कप्पा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. पुन्हा ओढला.

"जाऊ दे," म्हणाल्या.

सामन्याला मीही गेले. लग्नानंतर त्या मैदानावर पाय ठेवला नव्हता. खांब नवा होता, माती तीच. मुलीने खो घेतला, धावली आणि त्याच जागी खांबाजवळ सूर मारला. शिट्टी वाजली, बाया टाळ्या पिटायला लागल्या. ती उठली, छातीवर हात ठेवला आणि लांबूनच मला मान हलवून सांगितलं, आहे.

मीही मान हलवली. खेळ पुढं गेला. माझी नजर मात्र खांबाजवळच्या उकरलेल्या मातीतून निघेना.