बिनझाकणाची ग्रिल

डिचोलीच्या दुकानात माझा जीव मासे भाजायच्या एका ग्रिलवर जडला होता. लालभडक, चाकांची, वर घुमटासारखं झाकण! नव्या घराच्या अंगणात ती कशी दिसेल, तेवढंच डोळ्यांपुढे नाचत होतं.

शेजारी साठीची एक बाईही ग्रिल निवडत होती. अंबाड्यात अबोलीची वेणी, बोली पेडण्याची. प्रत्येक ग्रिलसमोर ती चक्क उकिडवी बसे, रिकाम्या जाळीवरचा नसलेला बांगडा उलटवी आणि चटका बसल्यासारखी बोटं झटकी. मला हसू आवरेना.

मग तिने माझ्या ग्रिलचं झाकण उचलून पाहिलं.

"ह्यां कशाक?"

"वास बाहेर जात नाही," मी ऐटीत म्हणालो.

"वास शेजाऱ्याक गेलोच नाय, तर तो येतलो कसो?"

बिनझाकणाची ग्रिल काखोटीला मारून ती निघालीसुद्धा. मीही तसलीच घेतली.

रविवारी जाळीवर बांगडे चरचरले. शेजारच्या घराशी आमची अजून नुसती मान हलवण्यापुरती ओळख होती. मधल्या कुंपणावरून आधी सोलकढीचं भांडं आलं, मग हसरा चेहरा.

मी आत ओरडलो, "अगं, उरलेले बांगडेही काढ! माणसं आली!"