किटलीतलं विरजण

अन्याय झाला तो आपल्या सांगलीच्या वसाहतीतलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्या माणसावर, गेल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता. बागेच्या उद्घाटनाला साहेब येणार, वास नको, म्हणून कमिटीनं केंद्राच्या टाकीत फिनेलचे कॅन ओतले. टाकीतले घाण खाणारे जिवाणू मेले, पाणी नासलं आणि कमिटीची नोटीस मिळाली त्यालाच: आठ दिवसांत पाणी स्वच्छ करा, नाहीतर घरी बसा!

हा माणूस रोज ओंजळभर पाणी हुंगतो. "मातीचा वास आला की समजायचं, मंडळी जेवल्याती." नोटीस खिशात कोंबून तो साताऱ्याला निघाला, मीही गेले. तिथल्या केंद्रातला जिवंत जिवाणूंचा गाळ दुधाच्या किटलीत घेऊन आम्ही एसटीत बसलो.

"आवं, झाकण लावा की!" कंडक्टर ओरडला.

"विरजण हाय. झाकलं तर गुदमरतंय," म्हणत त्यानं किटली मांडीवर घेतली.

गाळ टाकीत गेला. काल त्यानं मला सूक्ष्मदर्शकापाशी ओढलं. "ताई, बघा, लय वळवळ हाय!" खरंच होती! मीही ओरडले.

कमिटी तुम्हीच निवडलीत. उद्या नऊला केंद्रावर या, त्या काचेला डोळा लावा आणि नोटीस मागे घेण्याच्या अर्जावर सही करा.