बिनअध्यक्षाची सभा आणि झरीची नोकरी

दिग्रसमध्ये आमचं एक मंडळ होतं. मंडळ म्हटलेलं आमच्या सरांना खपायचं नाही. मंडळ आलं की पदाधिकारी आले, पदाधिकारी आले की सत्ता आली, असं त्यांचं म्हणणं. सर कॉलेजात दिवसा राज्यशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हा पाच-सहा जणांना, राज्य ही चीजच मुळात कशी नको, ते समजावून सांगायचे. कोणी कोणाचा साहेब नाही, कोणी कोणाचा ताबेदार नाही. माणसं आपखुशीनं एकत्र येतील, आपखुशीनं कामं वाटून घेतील. अराजकवाद म्हणजे गोंधळ नव्हे, हे तर आम्हाला तोंडपाठ झालं होतं. एवढं सगळं पटूनही त्यांना आम्ही सरच म्हणायचो, ते सोडा.

कापसाचे वाईट दिवस होते ते. भाव पडलेले, खेड्यांतून ऐकू नयेत अशा बातम्या यायच्या. आमच्यातल्या एकाच्या, आम्ही त्याला जिनिंगवालाच म्हणायचो, वडिलांचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, त्या हंगामात बंदच राहिलं, म्हणून तर आम्हाला बसायला त्यांचं रिकामं गोदाम मिळालं. सरकीचा वास अजून होता तिथं. त्या वासात आम्ही रोज सरकार बरखास्त करायचो आणि मग कोपऱ्यावरच्या टपरीवर आलुबोंडे खायला जायचो. मुलगी मी एकटीच, पण वादात माझ्यापुढं कोणी टिकायचं नाही. काय मजेचे दिवस होते ते, खरंच!

आता आमच्या भागाला एक खोड आहे. सभा म्हटली की अध्यक्ष लागतो. एकानं उठून सूचना मांडायची, दुसऱ्यानं बसल्या जागेवरून "अनुमोदन!" म्हणायचं. त्याशिवाय सभा झाली असं कोणाला वाटतच नाही. पार अंगात मुरलेलं. आमच्या पहिल्याच बैठकीत जिनिंगवाला उठला आणि म्हणाला, "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान सरांनी भूषवावं अशी मी सूचना मांडतो." लगेच मागून आलं, "अनुमोदन!" सर खुर्चीकडे निघालेसुद्धा! अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं आणि ते थबकले. आम्ही पोट धरून हसलो. मग ठरलं, आपल्याकडे अध्यक्ष नाही, सगळ्यांनी खालीच सतरंजीवर बसायचं.

वर्षभर असं चाललं आणि मला झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. जंगलातलं गाव, एसटी बदलत बदलत जायचं, राहायला शाळेचीच एक खोली. माझी खोली! दार मी लावणार, मी उघडणार, कितीला दिवा मालवायचा ते मी ठरवणार. मला ती नोकरी इतकी हवी होती की जेवण जाईना. पण आमच्या घरातली एकही मुलगी कधी एकटी राहिली नव्हती. त्यात बाबा तहसील कचेरीत नोकरीला, साहेब उभा असला तर स्वतः न बसणारे. ते नाहीच म्हणणार, हे मी धरून चालले होते. म्हणून आधी मंडळात सांगितलं. म्हटलं, हे तरी पाठीशी उभे राहतील.

सगळे सरांकडे बघायला लागले. मग सर म्हणाले, "हे बघ, तत्त्व वेगळं आणि जंगल वेगळं."

"तिकडं फोनबी लागत नाही म्हणते," दुसरा म्हणाला. "आजारी पडली तं कोन पाहीन तुले?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात जिनिंगवाला उठून उभा राहिला. त्यानं घसा साफ केला. "ताईंनी सदर नोकरी स्वीकारू नये अशी मी सूचना मांडतो."

"अनुमोदन!"

आणि भराभर हात वर. सगळ्यांचे. सरांचासुद्धा!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा रे वा!" मी ओरडले. "दिल्लीचं सरकार नको तुमाले, अन् माह्यावर सरकार बसवता? जिंदगी माही, अन् मतदान तुमचं?"

सरांचा हात अजून वरच होता. त्यांनी तो हळूच डोक्यावर आणला आणि केस सारखे केल्यासारखं केलं. केस होते कुठं पण! इतक्या रागातही मला हसू फुटलं, मग तेही हसले. "ठराव मागं घ्या रे," कोणीतरी पुटपुटलं.

"मागं कायले घेता? मी मानलाच नाही," मी म्हणाले आणि चपला घालून घरी निघाले.

घरी बाबा अंगणात पाणी शिंपडत होते. वाटेत मी अख्खं भाषण जुळवलं होतं, व्यक्तीचं स्वातंत्र्य, तिचा स्वतःवरचा हक्क वगैरे. त्यातलं एक अक्षर आठवेना. "बाबा, ती झरीची नोकरी... म्हणजे तुमची हरकत नसेल तर... जाऊ का..." असं काहीबाही बोलत राहिले.

बाबांनी बादली खाली ठेवली. "तू मले सांगून राह्यली का इचारून राह्यली?"

"म्हणजे... जाऊ का?" माझं पुन्हा तेच.

"इचारत असशीन तं मी नाहीच म्हनीन. बाप होय मी तुहा, मले भेव वाटते. ते काही जाणार नाही. पन सांगत असशीन, तं मंग माह्या हो-नाहीचा सवालच कुठं येते?"

सरांनी वर्षभर शिकवलेलं सगळं त्या कचेरीतल्या माणसानं उभ्या उभ्या माझ्या हातात ठेवलं होतं, आणि ते घ्यायला माझा हात पुढं होत नव्हता.

"सांगून राह्यली," मी म्हणाले. ते मलाच ऐकू आलं नाही. मग पुन्हा, मोठ्यानं म्हणाले, "सांगून राह्यली, बाबा. सोमवारी चालली मी."

"बरं," बाबा म्हणाले. मग दाराकडे वळून त्यांनी आईला हाक मारली. "अवं, आयकलं का? पोरगी झरीले चालली. इचाराले नाही आली, सांगाले आली."

आवाज कापत होता त्यांचा. मी ओल्या अंगणात उभी राहून खुदकन हसले, आणि मग मला इतकं रडू आलं की आई पोळ्या टाकून बाहेर धावली.